केडगाव आलं की...

दौंडहून पुण्याकडे निघालेली गाडी पाटस सोडते, कडेठाण सोडते आणि मग केडगाव येतं. गेल्या सात महिन्यांत हे स्टेशन मी किती वेळा पाहिलं, ते मोजलेलं नाही. एरवी मोजायची मला फार सवय. कोणत्या तारखेला कोणती तपासणी, एका गोळीनंतर किती तासांनी दुसरी, पैसे किती गेले, किती उरले, सगळं माझ्या वहीत आहे. आमच्या ह्यांच्या आजारपणाची फाइल मी इतकी नीट लावलेली असते की पुण्याच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, तुम्ही ऑफिसात नोकरी करत होता का? मी म्हटलं, नाही हो, घरीच असते. पण आतून बरं वाटलं होतं. जसं काही फाइल नीट असली म्हणजे रिपोर्टही नीटच येणार!

रिपोर्ट काही तसा आला नाही. वाईटही नाही आणि चांगलाही नाही, अजून तीन महिने औषध घेऊन पाहू, असं सांगितलं. मैत्रिणींनो, हे जे ‘पाहू’ असतं ना, ते फार अवघड. वाईट बातमी कळली तर माणूस रडून मोकळं होतं. ह्या ‘पाहू’चं काय करायचं?

आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीतल्या बायका प्रेमाने घरी येतात, प्रार्थना करतात आणि जाताना सांगतात, प्रभूवर सोपव. रात्री प्रार्थनेला बसले की मी काय करायचे, तर देवाला वहीच वाचून दाखवायचे. मंगळवारी अमुक होऊ दे, गुरुवारी तमुक, धाकट्याच्या फीचं तेवढं पंधरा तारखेच्या आत. याला सोपवणं म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण सोपवायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. गोळ्यांच्या वेळा पाहायच्या नाहीत? हिशेब ठेवायचा नाही?

अशाच एका खेपेला केडगावच्या अलीकडे गाडी सिग्नलला खूप वेळ थांबली. ह्यांना खिडकीशी डुलकी लागली होती. आणि मला एकदम पंडिता रमाबाईंची आठवण झाली. आमच्या आजीच्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो होता. पांढरं पातळ, कापलेले केस, करडी नजर. लहानपणी त्या फोटोची मला भीतीच वाटायची. पुढे शाळेत त्यांच्याविषयी चार ओळी पाठ केल्या, विधवांसाठी शारदा सदन, अनाथांसाठी मुक्ती सदन, आणि पेपर लिहून विसरूनही गेले. हे केडगाव म्हणजे त्यांचंच केडगाव. घरी आल्यावर त्यांचं चरित्र पुन्हा काढलं. या वेळी परीक्षेसाठी नाही, माझ्या गरजेपोटी.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि रानात आश्रम करून राहिले. आईने मग मुलीला शिकवलं. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. गावोगावी पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. अशी कित्येक वर्षं गेली.

आणि मग दुष्काळ आला. घरात थोडाफार पैसा होता, तो दानधर्मात, व्रतांत, ब्राह्मणभोजनात गेला. देव प्रसन्न होईल आणि वाट दाखवेल, अशी वडिलांची मनापासूनची श्रद्धा होती. हातापायाने कमवायचं कुणालाच शिकवलेलं नव्हतं. शेवटी झाडाचा पाला आणि पाणी यावर दिवस काढायची वेळ आली. वडिलांची दृष्टी गेली होती. १८७४ मध्ये ते गेले. पाठोपाठ आई. आईने शेवटी शेवटी मुलीला शेजारच्या बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला पाठवलं. शास्त्र्याची सोळा वर्षांची पोर, कधी कुणापुढे हात न पसरलेली. तिच्या तोंडून शब्द फुटेना, नुसतं रडू. त्या बाईने बाजरीची भाकरी दिली, पण ती खायचं त्राण आईत उरलं नव्हतं. त्यानंतर मोठी बहीणही गेली.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. जिने आपल्या आईवडिलांना देवाच्या भरवशावर बसून उपाशी मरताना पाहिलं, तिला पुढच्या आयुष्यात कुणावर तरी भरवसा ठेवता आलाच कसा? माझ्यावर यातलं दहा आणेही आलेलं नाही, तरी माझी ही अवस्था. मला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. म्हणून पुढे वाचत गेले.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच उरले. पायी चालत हिंदुस्थानभर फिरले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथे मात्र नशीब पालटलं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून मोठमोठे पंडित थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या मिळाल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. कचारात सिल्चरला संसार मांडला, मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मनोरमेला वर्षही पुरं झालं नव्हतं. आठ वर्षांत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. एवढी माणसं गेल्यावर राहिलेलं सगळं घट्ट धरून ठेवावंसं वाटणार नाही तर काय!

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, बायकांना बायकाच डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठासून सांगितलं. स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ साली लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण कानाने कमी ऐकू येत होतं, त्यामुळे तो बेत बारगळला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना करता येते.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे मान खाली घालून ऐकू लागल्या, असं मात्र मुळीच नाही. मला त्यांची ही गोष्ट फार आवडते. तिथल्या सिस्टर सांगतील ते सगळं त्या मानत नसत. धर्मातल्या अवघड मुद्द्यांवर लांबलचक पत्रं लिहून वाद घालत. शिकवणाऱ्यांना वाटायचं, ही मुलगी हट्टी आहे. असेलही. पण डोकं गहाण ठेवून मिळणारा विश्वास त्यांना नको होता. असा विश्वास एकदा घरात पाहिला होता ना.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला रमाबाई मुद्दाम गेल्या आणि मग तिथे ठिकठिकाणी व्याख्यानं देत हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनला त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली आणि हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढायला दहा वर्षं पैसे द्यायचं तिने कबूल केलं. दहा वर्षं! ही मुदत लक्षात ठेवा.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईला चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं. समितीवर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून वादळ उठलं. १८९३ मध्ये ही मंडळी समितीतून बाहेर पडली आणि कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं. या वादात आजही दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. वाचणाऱ्या तुमच्यापैकी काहींना त्यांचं वागणं पटणार नाही, हे मी जाणते. मला इथे एवढंच दिसतं की कष्टाने जुळवलेली एक घडी त्यांच्या डोळ्यांदेखत विस्कटली.

या वादळाच्या दोनेक वर्षं आधी, साधारण १८९१ मध्ये, त्यांच्या मनात एक मोठी गोष्ट घडून गेली होती. एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. तो गृहस्थ कित्येक वर्षं लोकांना उपदेश करत होता आणि स्वतः मात्र कोरडाच होता. ते वाचताना रमाबाईंना जाणवलं की आपलंही तसंच झालंय. धर्म बुद्धीला पटला म्हणून स्वीकारला, पण स्वतःला ख्रिस्ताच्या हाती दिलंच नाही. बाप्तिस्म्याला तोवर आठ वर्षं होऊन गेली होती. इतक्या शिकलेल्या बाईला हे कळायला आठ वर्षं लागली, हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

बरं, एवढं होऊनही त्यांनी हिशेबाची वही काही फेकून दिली नाही. बॉस्टनची दहा वर्षं १८९८ ला संपणार होती. पुढे काय? रमाबाई बेरीज-वजाबाकी करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी केडगावला रेल्वेजवळ शंभर एकराच्या आसपास जमीन घेतली, विहिरी खणायला घेतल्या, फळझाडं लावली. झाडं मोठी होतील, फळं विकली जातील आणि त्यातून सदनाचा खर्च भागेल. किती शहाणपणाचा बेत! माझी आई म्हणाली असती, बाई असावी तर अशी.

त्याच सुमारास त्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र वाचत होत्या. ब्रिस्टल शहरात या माणसाने हजारो अनाथ मुलांना सांभाळलं, आणि तेही कुणाकडे पैसे न मागता, नुसत्या प्रार्थनेवर. असा भरवसा आपल्या देशात ठेवता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. १८९६ साली त्या लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिराला गेल्या. बरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. तिथे एका पहाटे त्यांनी देवाकडे काय मागावं? या पंधरांचा वर्ग होऊ दे. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस!

हे वाचून मला हसू आलं. प्रार्थनेतसुद्धा पाढे! म्हणजे हीसुद्धा माझ्यासारखीच, आकडे मांडून प्रार्थना करणारी. पण जरा थांबून पाहिलं तर फरक कळला. मी मागते ते माझ्या वहीत बसेल एवढंच. त्यांनी मागितलं ते त्यांच्या कुठल्याच वहीत बसणारं नव्हतं. सदनात तेव्हा शंभरसुद्धा मुली नव्हत्या. दोनशे पंचवीस आल्या तर झोपवायच्या कुठे, हा प्रश्न त्यांनी मागताना मधे आणलाच नाही.

त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतातून भुकेच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय ते सांगायला लागत नव्हतं. तो पाला, ती भाकरी, आईचे मिटत चाललेले डोळे, सगळं वीस-बावीस वर्षांनी पुन्हा समोर उभं राहिलं असणार. हातात पैसा नाही, मिळत होता तो फक्त ठरलेल्या शाळेपुरता. जाऊन करणार काय? सावधपणा सांगत होता, बस घरी. त्या उठल्या आणि गेल्या.

तिथल्या सरकारी छावण्यांत त्यांनी पाहिलं ते भयंकर होतं. सांगाडे झालेल्या मुली, आणि त्या मुलींच्या असहायपणावर टपलेले पुरुष. रमाबाईंनी मुली आणायला सुरुवात केली. आधी थोड्या, मग आणखी, मग आणखी. काही इतक्या खंगलेल्या की आल्यावरही वाचल्या नाहीत. हे सांगायलाच हवं. भरवसा ठेवला म्हणून सगळ्या जगल्या, असं झालं नाही.

मुली पुण्यात येतात न येतात तोच प्लेग. दुष्काळातल्या मुलींना शहरात ठेवायची सोय उरली नाही. सरकारी बंधनं आली. आता एवढ्या पोरी न्यायच्या कुठे? आणि मग ते केडगावचं शेत आठवलं. फळं विकून पैसा मिळावा म्हणून घेतलेलं, भविष्याची तरतूद म्हणून राखलेलं शेत. तिथे तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या घातल्या आणि मुलींना नेऊन ठेवलं. १८९७ संपेपर्यंत या मुली तीनशेच्या घरात गेल्या होत्या. मागितलेल्या सव्वादोनशेपेक्षा जास्तच.

मी या शेताजवळ कितीतरी वेळ अडखळले. बाईंनी बेत केला तो चुकीचा नव्हता. जमीन घेतली नसती तर त्या मुली उघड्यावर पडल्या असत्या. पण ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती आली नाही. बेत त्यांचा, आणि त्याचा उपयोग भलत्याच कुणीतरी ठरवला. शेत आता आपलं उत्पन्न नाही, मुलींचं घर आहे, हे कळल्यावर रमाबाईंनी मूठ उघडली. सोपवणं म्हणतात ते हेच असेल का? वही जाळायची नाही, पण वहीच्या मालकीचा हट्ट सोडायचा? मला अजून नीट सांगता येत नाही.

१८९८ मध्ये दहा वर्षं भरली. त्या पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या, नवी संस्था झाली. त्याच वर्षी केडगावच्या घराला मुक्ती हे नाव रीतसर मिळालं. पण आता बांधून दिलेल्या पैशापेक्षा येईल त्यावर चालायचं होतं. लगेच १९०० चा मोठा दुष्काळ आला, गुजरात-काठियावाड होरपळून निघालं. या वेळी रमाबाईंची माणसं तिकडे गेली. केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. घरात चार पाहुणे वाढले तर आपण डाळीत पाणी ओततो. इथे दोन हजार ताटं, दोन वेळा, दुष्काळात!

प्रार्थना तर चालायचीच, पण कुणी हात जोडून बसून राहिलेलं नव्हतं. माग होते, तेलघाणा होता, शेती, गाई-म्हशी, शाळा, दवाखाना, छापखाना. ज्या मुलींनी कधी अक्षर पाहिलं नव्हतं त्या खिळे जुळवायला शिकल्या. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी वेगळं घर झालं. आंधळ्या मुलींनाही ब्रेल शिकवलं, ते मनोरमेने. आईवडिलांच्या घरात नुसती वाट पाहणं होतं. इथे वाट पाहणं होतं आणि काम होतं. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला या तेलघाण्यात आणि छापखान्यात थोडंफार सापडलं.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे पवित्र शास्त्राचं भाषांतर. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत ते असावं, म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधराहून जास्त वर्षं हे काम चाललं. छपाई मुक्तीतल्या बायकाच करत होत्या.

मनोरमा तोवर आईचा उजवा हात झाली होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकली, बी.ए. झाली, शारदा सदन सांभाळलं, गुलबर्ग्याला शाळा काढली. आपल्यामागे मुक्ती तिनेच चालवायची, हे न बोलता ठरलेलं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती.

चरित्रातलं हे पान मी एका दमात वाचू शकले नाही. दोन हजार लेकरं देवाच्या हाती दिली, ठीक आहे. पण ही एकच पोटची. सिल्चरहून पुण्याला, पुण्याहून विलायतेला, कडेवर घेऊन हिंडवलेली. त्रेसष्ट वर्षांच्या आईने तेव्हा काय केलं, तर पुन्हा भाषांतराची मुद्रितं पुढ्यात ओढली. रात्री काय केलं ते कुणी पाहिलं असेल तर असेल. ५ एप्रिल १९२२ ला, लेकीनंतर नऊ महिन्यांच्या आतच, त्याही गेल्या. पुरं शास्त्र छापून झालेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. ते १९२४ मध्ये निघालं.

मुक्ती मिशन मात्र आजही केडगावला चालू आहे. निराधार बायका, मुलं तिथे राहतात. आम्ही इतक्यांदा त्या स्टेशनावरून गेलो, पण उतरणं काही झालं नाही. जाताना डॉक्टरांची वेळ गाठायची असते, येताना ह्यांना थकवा आलेला असतो.

माझी वही अजून आहे. रात्री ती उशाशी घेऊन प्रार्थनेला बसायची मात्र थांबले. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवते. कधी कधी मधेच उठून जाऊन एकदा बघून येते, खोटं कशाला बोलू.

पुढची तपासणी सोळा तारखेला आहे. काल हेच म्हणाले की येताना आपण केडगावला उतरू, तू ते सारखं काय वाचत असतेस ते बघू तरी. मी हो म्हटलं. मागून येणारी गाडी किती वाजता आहे, ते मात्र मी वेळापत्रकात लगेच बघून ठेवलंय.